किती वाजले गं किशोरी

हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या सत्यजीत सरांनी मला पाण्याची बाटली भेट दिली, ती तिथल्या तिथे त्यांच्या टेबलावर आपटून मी घरी गेले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी थँक्यू सर म्हटलं. माझी जीभ अशीच आहे, नको तिथे सुटते आणि हवी तिथे टाळ्याला चिकटते.

बाटली लिटरभराची, निळी. अंगावर खुणा छापलेल्या. सकाळी इथपर्यंत प्या, दुपारी इथपर्यंत प्या, आणि अगदी तळाला 'शाब्बास'. हॉस्पिटलने कर्मचाऱ्यांसाठी ताणमुक्ती सप्ताह काढला होता, त्यातली ही भेट. बरोबर मोबाईलवर सूचनाही आल्या. दीर्घ श्वास घ्या. सकाळी चालायला जा. छंद जोपासा. कामातून अधूनमधून सुट्टी घ्या. शेवटची सूचना वाचून मी एकटीच हसले, कारण माझा सुट्टीचा अर्ज याच सरांनी याच आठवड्यात परत केला होता.

माझं काम सांगते, म्हणजे बाटलीचा राग कळेल. पनवेलच्या जुन्या बाजारामागे एक छोटं हॉस्पिटल आहे, त्याच्या दुसऱ्या मजल्यावर डायलिसिसचा विभाग. मी तिथली टेक्निशियन. ज्यांच्या किडन्या बंद पडल्या त्यांच्या हातात दोन सुया घालायच्या, रक्त नळ्यांतून मशीनमध्ये फिरवायचं, साफ करून परत अंगात सोडायचं, आणि अंगात साठलेलं पाणी काढून टाकायचं. एकेकाला चार तास, आठवड्यातून तीनदा, जन्मभर. खाडा केला तर पाणी आणि घाण अंगातच राहते आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. म्हणून या लोकांना पाणी मोजून मिळतं, दिवसाला दोन-तीन पेले. घसा सुकला की बर्फाचा खडा चोखतात. अशा माणसांसमोर मी लिटरभराची बाटली तोंडाला लावायची आणि शाब्बास म्हणवून घ्यायचं. मी ती कपाटात कोंबली ती कोंबलीच.

आधी आम्ही दोघं होतो, मी आणि कल्पेश. एक सकाळी, एक दुपारी, कुणाला अडचण असली की अदलाबदल. मग कल्पेशला आखातात नोकरी लागली आणि तो गेला. त्याला मी दोष देत नाही, मला लागली असती तर मीही गेले असते. सर म्हणाले, दुसरा माणूस येतोच आहे. तो येतोच आहे, येतोच आहे म्हणता म्हणता उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळीचे कंदील उतरले. तोवर सकाळची पाळी मी, दुपारची पाळी मी, मशीन बंद पडलं तर मेकॅनिकच्या नावाने बोंब मारणारी पण मीच. रविवारी विभाग बंद, तेवढंच. पण रविवारी तातडीचा पेशंट आला की फोन कुणाला? मलाच.

सुरुवातीला नुसतं अंग दुखायचं. नंतर अंग दुखायचंसुद्धा थांबलं. रोडपालीहून रिक्षात बसले की कामोठं कधी मागे पडलं ते कळायचं नाही. आई काही विचारायची आणि मी उत्तर दिलं की नाही ते मलाच आठवायचं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मला पेशंटचा राग यायला लागला. एखाद्याने सुई दुखली म्हटलं की वाटायचं, मग घरी बस ना. असं वाटलं की स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाज वाटली की आणखी राग यायचा.

सोडायचा विचार केला नव्हता असं नाही. एका मोठ्या हॉस्पिटलने विचारलं होतं, तिथे टेक्निशियन भरपूर, सुट्ट्या पाळीपाळीने. सरांना सांगितलं तर त्यांनी चेहरा असा पाडला की जणू मीच त्यांच्या घरचं कुणी मारलंय. म्हणाले, तू गेलीस तर मला विभाग बंद करावा लागेल, मग ही माणसं जातील कुठे, विचार कर. सुट्टी मागितली तर माणूस नाही, आणि जाते म्हटलं तर पेशंटचा विचार कर. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, तसली गत.

सकाळच्या पाळीतली माणसं म्हणजे एक प्रकरणच होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत बुधाजीबाबा. उरणकडचे कोळी, जन्म होडीवर गेला, तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या हुकमावर चालायची. किडन्या गेल्यावर कामोठ्यात मुलाकडे आले. बरोबर बायको गुणाबाई, ती चार तास बाहेरच्या बाकावर बसून लसूण सोलायची. बुधाजीबाबांच्या शेजारी चंद्रावतीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, झोपल्या तरी पाठ ताठ. पलीकडे दीपेश, त्याचं बाजारात भांड्यांचं दुकान, त्याचा फोन कधी थंड पडायचा नाही. आणखी दोघं होते, पण ते मशीन लागलं की झोपायचे, त्यामुळे त्यांचा त्रास नव्हता.

या तिघांनी मात्र त्या महिन्यात मला भंडावून सोडलं होतं. चंद्रावतीबाईंना घडीघडी वेळ हवी. किती वाजले गं किशोरी? घड्याळ त्यांच्या नाकासमोर भिंतीवर, चांगलं ताटाएवढं. मी सांगायचे. जरा वेळाने पुन्हा, किती वाजले गं किशोरी? एकदा मी फटकन म्हटलं, बाई, शाळा सुटायला अवकाश आहे. त्यांनी पुढच्या वेळी पुन्हा विचारलंच. बुधाजीबाबांना गाण्याचा नाद लागला होता, मी टेकायला स्टूल ओढलं रे ओढलं की त्यांचं होडीचं गाणं सुरू. दीपेश मला कुकरच्या शिट्टीपासून सुनेच्या भांडणापर्यंत सगळं सांगायचा आणि मध्येच विचारायचा, मग मी काय म्हटलं, सांगा बघू? मला वाटायचं, देवा, या लोकांच्या किडन्या गेल्या, तोंडं तेवढी शाबूत ठेवलीस.

आणि त्यात प्रणितची हळद आली. प्रणित माझा धाकटा भाऊ. आमच्या आगऱ्यांत लग्न एकवेळ छोटं चालेल, हळद छोटी चालत नाही. मांडव, बँड, अख्खं गाव जेवायला, बायकांची गाणी पहाटेपर्यंत. आणि मी एकुलती एक बहीण, करवली. शनिवारी हळद, रविवारी लग्न. शनिवारची एक सुट्टी मागितली. सरांनी अर्ज परत करताना समजूत घातली, की संध्याकाळी मोकळी होशीलच, हळद तर संध्याकाळीच असते. जणू मांडवात करवली म्हणजे पाहुणी, आली, जेवली, गेली.

गुरुवारी सकाळी आईचा फोन आला तेव्हा मी मशीनपाशीच होते. आई रडत होती. सकाळी देव बसवायचे, घाणा भरायचा, तेव्हा बहीण नाही तर मी लोकांना काय सांगू, म्हणत होती. मीही जरा मोठ्यानेच बोलले. सुट्टी देत नाहीत म्हटलं, काय जीव देऊ का म्हटलं. फोन ठेवला तेव्हा पाचही खुर्च्या गप्प होत्या. चार तास बांधून ठेवलेल्या माणसाला कान सोडून दुसरं काय मोकळं असतं.

त्याच गुरुवारी तो घोळ झाला. मी बुधाजीबाबांच्या आणि चंद्रावतीबाईंच्या मध्ये उभी होते, आकडे टिपत. चंद्रावतीबाईंनी माझा कोट खस्सकन ओढला आणि मला कळलं की बुधाजीबाबांचं मशीन ओरडतंय. पंप थांबलेला. नळ्यांतलं रक्त काळपट, घट्ट झालेलं. मी धावपळ केली पण उपयोग नव्हता, तेवढं रक्त फेकून द्यावं लागलं. चांगलं पेलाभर रक्त, ज्या माणसाच्या अंगात आधीच कमी त्याचं. उरलेला वेळही गेला, पाणी अर्धवटच निघालं. माझं डोकं असं फिरलं की मी बुधाजीबाबांवर घसरले. सुईचा हात वाकवायचा नाही म्हणून किती वेळा सांगायचं, लहान आहात का, म्हटलं. मशीन कधीपासून ओरडतंय विचारलं तर चंद्रावतीबाई म्हणाल्या, आत्ताच. आणि बुधाजीबाबा खाली बघून म्हणाले, "व्हय बाय, हात वाकला माजा."

शनिवारी सकाळी मी हिरवी साडी पिशवीत घालून कामावर गेले. मशीन तयार केली, नळ्या लावल्या, आणि वाट बघत बसले. पहिला फोन चंद्रावतीबाईंचा. भाचीकडे पूजा आहे, आज जमणार नाही. मग दीपेशचा, दुकानात माल उतरतोय. मग गुणाबाईंचा, होडीचं इंजिन बिघडलंय म्हणून हे गावाला गेले. बाकीच्या दोघांचंही असंच काहीतरी. आणि तासाभरात दुपारच्या पाळीतल्यांचेही फोन सुरू झाले. कुणाचा साडू आला होता, कुणाची रिक्षा मिळत नव्हती.

मला काय कळलं नव्हतं? एवढी खुळी मी नाही. मी एकेकाला उलट फोन केला, असं चालत नाही म्हटलं, सगळे म्हणाले सोमवारी नक्की येतो. खालच्या डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, मग सोमवारी घ्या. बुधाजीबाबांचं गुरुवारी अर्धवट झालंय, हे माझ्या डोक्यात होतं. एकदा वाटलं, रिक्षा करावी आणि त्यांना दंडाला धरून आणावं. पण पिशवीतून साडीचा काठ दिसत होता. मी कुलूप लावलं आणि घरी गेले.

घरी आईने मला बघितलं आणि पुन्हा रडली, या वेळी आनंदाने. घाणा भरला, मी तांदळात हात घातला, बायकांनी गाणं धरलं. एवढं मला आठवतं. मग कुणीतरी म्हणालं, जरा आत पड, संध्याकाळी नाचायचंय. मी तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत सतरंजीवर आडवी झाले. भिंतीपलीकडे ढणाढणा स्पीकर लावले होते, शेजाऱ्यांच्या खिडक्यांची तावदानं थरथरत होती म्हणे. मला उठवायला आई आली, मावश्या आल्या, स्वतः प्रणित अंगभर हळद लावलेला आला. मी उठले नाही. मावश्यांनी शेवटी माझ्या हातापायांना आणि गालांना झोपेतच हळद फासली आणि हसत निघून गेल्या. माझ्या भावाची हळद झाली, गाव जेवून गेलं, आणि मी डोळे उघडले तेव्हा अंगणात ऊन आलं होतं.

खूप वाईट वाटलं. पण खरं सांगू, त्याहून जास्त बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी माझं डोकं हलकं होतं. आईने पुढ्यात ठेवलेल्या चहाला चव होती. मी साडी नेसले, केसांत गजरा माळला, करवलीचा कऱ्हा हातात घेतला, आणि वऱ्हाडाच्या गाड्या लागत होत्या तेवढ्यात फोन वाजला.

गुणाबाई. रडत रडत, तुटक तुटक सांगत होत्या. बुधाजीबाबांना रात्रभर आडवं होता आलं नव्हतं, बसून श्वास ओढत होते, आता ओठ निळे पडले होते. हॉस्पिटलात आणलंय, खाली प्राणवायू लावलाय, वर कुलूप आहे. मी कऱ्हा चुलतबहिणीच्या हातात दिला. प्रणितने माझ्याकडे बघितलं. मी मांडवाबाहेर रिक्षा शोधायला धावले. कशात काय आणि फाटक्यात पाय, हळद झोपेत गेली आणि लग्न असं गेलं.

रिक्षात मी सगळ्यांना शिव्या दिल्या. सत्यजीत सरांना दिल्या, कल्पेशला दिल्या, त्या बाटलीला दिल्या, आणि सगळ्यात जास्त बुधाजीबाबांना दिल्या. मग देवाला म्हटलं, एवढं एक म्हातारं वाचव. मग रिक्षातूनच चंद्रावतीबाईंना आणि दीपेशला फोन केला आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता या, बाकीच्यांनाही घेऊन या, सोमवारची वाट बघायची नाही.

बुधाजीबाबा खुर्चीत पुढे वाकून बसले होते. दर श्वासाला छातीत खुळखुळ आवाज. वजन बघायला उभंही करता येत नव्हतं. मी हात घासघासून धुतले तरी हळद जाईना, तशीच मोजे चढवले. त्यांच्या हाताची नस बोटाखाली थरथरत होती. सुई पहिल्या खेपेला आत गेली. डॉक्टर पाठीशी उभे होते. मशीन फिरायला लागलं आणि मी आकड्याला डोळे लावून उभी राहिले, पाणी उतरतंय, अजून उतरतंय. असा तास गेला. मग त्यांच्या ओठांचा निळा रंग कमी झाला. डॉक्टरांनी छाती तपासून मान हलवली आणि खाली गेले. गुणाबाई दारात होत्या, त्या तिथेच खाली बसल्या.

तोवर चंद्रावतीबाई आणि दीपेश आले होते, दोघांचे पाय सुजलेले. त्यांना आणि मागोमाग आलेल्या बाकीच्या दोघांनाही मशीन लावलं, दुपारच्यांना नंतर बोलावलं. सगळं मार्गी लागल्यावर माझ्या तोंडाचा बांध फुटला. मी म्हटलं, कुणी सांगितलं होतं हे उपकार करायला? मेला असतात तर मी काय तोंड दाखवलं असतं? पूजा काय, माल काय, इंजिन काय, मला काय दूध पिती समजलात? इतकी ओरडले की माझा गजरा सुटून खाली पडला.

बुधाजीबाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "तुज्या घरान हलद, बाय," ते म्हणाले. "आमच्या कोलीवाड्यान एका घरान लगीन असला का कुनाची होडी बायेर जात नाय. सगल्या होड्या किनाऱ्याला. मंग कुनाचा एकट्याचा नुकसान नाय. मीच सगल्यांना सांगला."

म्हणजे बंद पुकारला होता. तांडेलाने हुकूम सोडला आणि दीपेशने फोनवरून दोन्ही पाळ्यांत फिरवला. मी म्हटलं, "बाबा, मासे एक दिवस जास्त पाण्यात राहिले तर कुणी मरत नाही. इथे पाणी तुमच्या अंगात राहिलं."

त्यांनी मान डोलावली. मग हळूच विचारलं, "झोप लागली का तुला?"

हळद कशी झाली हे त्यांनी विचारलं नाही. नाचलीस का, हे विचारलं नाही. झोपेचंच का विचारलं ते मला कळेना. मी म्हटलं, लागली, हळद सगळी झोपेतच गेली. तर म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि म्हणाले, मग काम झाला. मी चंद्रावतीबाईंकडे बघितलं. बुधाजीबाबांनी डोळे न उघडताच हात हलवला, म्हणाले, ऱ्हाऊंदे बाई. पण बाईंनी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं, त्या थांबल्या नाहीत.

"किशोरी, गुरुवारी बुधाजींचा हात वाकला नव्हता," त्या म्हणाल्या. "मशीन केव्हापासून ओरडत होतं. आम्ही तिघांनीही तुला हाका मारल्या. तू समोर उभी होतीस, डोळे उघडे, पेन हातात. पण तू झोपली होतीस. मला सुईचा हात हलवता येत नव्हता, दुसऱ्या हाताने कसाबसा तुझा कोट धरला."

मी म्हटलं, तुम्ही आत्ताच म्हणालात. त्या म्हणाल्या, हो, खोटं बोलले. मग दीपेश बोलायला लागला, खाली मान घालून. पहिल्यांदा नव्हतं झालं हे. महिनाभर मी अशीच झोपत होते, कधी स्टुलावर, कधी कपाटाला टेकून, क्षण दोन क्षण. म्हणून त्यांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. बाईंनी वेळ विचारायची, उत्तर आलं तर मी जागी. बाबांनी गायचं. दीपेशने गोष्ट सांगायची आणि मध्येच प्रश्न टाकायचा. झोपलेले दोघंसुद्धा झोपलेले नसायचे, त्यांची पाळी शेवटच्या तासाला असायची.

मी स्टुलावर बसले. शेवटी एवढंच विचारलं, की डॉक्टरांना का नाही सांगितलं.

"सांगितलं असतं तर तुला काढलं असतं," बाई म्हणाल्या. "मग आम्हाला कोण आहे? आणि न सांगावं तर तुझ्या हाताखाली बसायचं. हळद होती हे खरं, बुधाजींच्या मनात तेच होतं. पण मी शनिवारी आले नाही ती हळदीसाठी नाही. गुरुवारनंतर मला तुझी भीती वाटत होती, बाळ. म्हटलं, ही एकदा झोपू दे, मग जाऊ."

एवढे दिवस मी समजत होते की मी घाण्याला जुंपलेली आहे म्हणून ही माणसं जिवंत आहेत. सुट्टी न घेता, कुरकुरत का होईना, यांना मी वाचवतेय. आणि ही माणसं चार-चार तास डोळ्यांत तेल घालून मला जागवत होती, माझ्यापासून स्वतःला वाचवत होती. शेवटी त्यांनी हिशेब केला होता, की किशोरीपेक्षा खाडा बरा. मला रडू आलं, आणि रागही आला. या वेळी पेशंटचा नाही आला.

सगळ्यांची मशीन उतरवून, दाबपट्ट्या बांधून, बुधाजीबाबांना खालच्या वॉर्डात पोचवून मी सत्यजीत सरांना फोन लावला. त्यांना बातमी पोचली होती. ते खुशीत होते. म्हणाले, वाचवलंस गं, ग्रेट, आणि बघ, तुला शनिवारची सुट्टीही मिळालीच की, सगळं जुळून येतं.

"सर, गुरुवारी मी मशीनसमोर झोपले," मी म्हटलं. "पेशंटचं रक्त नळीत गोठलं. मी त्याच्यावरच ढकललं. आज तो मरत होता. एकटीने दोन पाळ्या मी उद्यापासून करणार नाही, कारण मी केल्या तर कुणीतरी मरेल. हे मी किडनीच्या मोठ्या डॉक्टरांनाही कळवतेय."

सर गडबडले. म्हणाले असं लेखी काही देऊ नकोस, तुझ्याच नावावर डाग बसेल, उद्या भेटून बोलू, तू दमली आहेस. तेच तर सांगतेय, म्हटलं, आणि फोन ठेवला. मोठ्या डॉक्टरांना तिथेच पायरीवर बसून सगळं लिहून पाठवलं, पिवळ्या बोटांनी. लग्न लागून गेलं होतं. प्रणितने फोटो पाठवला होता, त्यात माझ्या जागी चुलतबहीण कऱ्हा घेऊन उभी होती.

झालं एवढंच, की दुसरा माणूस येईपर्यंत दुपारची पाळी बंद झाली आणि ते पेशंट दुसऱ्या सेंटरवर गेले. त्यांच्यातल्या एकाने मला फोन करून हवं ते सुनावलं, त्याला आता दर खेपेला दूर जावं लागतं. मी ऐकून घेतलं. मला कामात हयगय केल्याची नोटीस आली, तिच्यावर सत्यजीत सरांची सही. दुसरा माणूस अजून येतोच आहे. सुट्टी अजूनही नाही. दुपारी घरी जाते आणि झोपते, एवढाच काय तो फरक, आणि झोपेतून उठले की सरांना आठवणीने फोन करून विचारते, माणूस कुठपर्यंत आला. रोज विचारते. ते आता माझा फोन उचलत नाहीत, तर मी त्यांच्या केबिनसमोर जाऊन उभी राहते.

लग्नानंतरच्या मंगळवारी सकाळी पाचही जण वेळेवर आले. बुधाजीबाबा वॉर्डातून चाकाच्या खुर्चीवर आले, मी त्यांच्या हाताला सुया लावताना ते माझ्या बोटांकडे बघत होते, हळद अजून गेली नव्हती. मी त्यांना सांगितलं की हात वाकवा नाहीतर सरळ ठेवा, मी काही बोलणार नाही. ते हसले. सगळ्यांना मशीन लागली. मी स्टूल ओढून बसले.

दीपेशचा फोन बंद होता. बुधाजीबाबा गायले नाहीत. खोलीत नुसता पंपांचा आवाज. मग चंद्रावतीबाईंनी माझ्याकडे न बघता, समोरच्या घड्याळाकडे बघत विचारलं, "किती वाजले गं किशोरी?"

"जागी आहे, बाई," मी म्हटलं.